शाळेचा गानवृंद पहिल्यांदाच घेताय?

ताई, जूनमध्ये एकच गीत घ्या. 15 ऑगस्टपर्यंत तेवढं पाठ, सुरात आणि एका लयीत झालं तरी भरपूर. पुढे सहामाही, दिवाळीची सुट्टी, की लगेच स्नेहसंमेलन. म्हणून दुसरं गीत गणपती झाले की सुरू करा.

सगळ्यात जास्त घोळ पट्टीचा, म्हणजे कोणता सूर ‘सा’ धरायचा याचा होतो. आठवी-नववीत मुलग्यांचे आवाज फुटतात. मुलींना सोयीची काळी चार (पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी) त्यांना झेपत नाही. मग ते ओरडतात, नाहीतर नुसते ओठ हलवतात. त्यांना खालच्या सप्तकात गाऊ द्या. वगळू मात्र नका!

- श्वासाच्या जागी वहीत खूण.
- आधी टाळीवर, मग तबल्यावर.
- माइक शेवटच्या तालमीला. आधी आणला की मुलं एकमेकांचं ऐकायचं सोडतात.

दोन आवाजांतली रचना, म्हणजे दोन गट एकाच वेळी वेगवेगळे सूर गातात ती, पुढच्या वर्षी. आत्ता लागा कामाला, छान होईल.