संधिवात नवा आहे? आधी झोपेचं बघा

नुकतंच निदान झालंय ना, मग एक आधीच सांगते. झोप उडते ती तुम्ही मनाने कच्चे आहात म्हणून नाही. दुखण्याने झोप मोडते आणि झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणं जास्त बोचतं. हे चक्र ध्यानात यायला मला ३ वर्षं लागली.

स्टेरॉइड चालू असेल तर ते कधी घ्यायचं हे नक्की विचारा. मी प्रेडनिसोलोन संध्याकाळी घ्यायचे आणि पहाटेपर्यंत छताकडे बघत पडायचे. डॉक्टरांनी गोळी सकाळी खाण्यानंतर घ्यायला सांगितली आणि फरक पडला. स्वतःहून मात्र बंद करू नका, ती हळूहळूच कमी करावी लागते.

झोप येईना तर वीसेक मिनिटांनी उठा, मंद उजेडात बसा, पेंग आली की परत आडवे व्हा. (थकलेल्या अंगाने हे जिवावर येतं, माझंही चुकतं.)

संधिवातात नैराश्य इतरांपेक्षा जास्त आढळतं. २ आठवडे कशातच रस वाटला नाही तर तुमच्या संधिवाताच्या डॉक्टरांनाच सांगा. मी दर तपासणीला नुसते सांधे दाखवून परत यायचे. त्यांनी विचारलं नाही, मीही बोलले नाही.