अपोलोच्या हातातलं वाद्य, डेल्फीचा कौल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : शाळेच्या स्नेहसंमेलनात ग्रीक पुराणकथेवर नाटिका आहे. अपोलोच्या हातात द्यायला वाजणारं वाद्य हवं. सुतारानं हार्पचं चित्र पाहून काम सुरू केलंय. चालेल का? (शिक्षिका, सदाशिव पेठ)

उत्तर : काम आजच थांबवा. हार्पच्या तारा थेट ध्वनिपेटीतून निघतात आणि एकीहून एक आखूड होत जातात. अपोलोचं वाद्य लायर. त्याच्या तारा जवळपास सारख्या लांबीच्या. खालच्या कडेपासून निघून घोडीवरून, म्हणजे तारा उचलून धरणाऱ्या पट्टीवरून, वरच्या आडव्या दांडीला जातात. स्वर बदलतो तो जाडीनं आणि ताणानं. पडदे नाहीत, एका तारेचा एकच स्वर. आपल्याकडे त्याला जवळचं म्हणजे स्वरमंडल.

कथेत हे वाद्य हर्मीस या देवानं जन्मल्या दिवशीच केलं. कासवाची पाठ, त्यावर बैलाचं कातडं, दोन दांडे, मेंढीच्या आतड्याच्या सात तारा. अपोलोच्या गायी त्यानं चोरल्या होत्या, त्या भांडणाची तडजोड म्हणून वाद्य अपोलोकडे आलं. तुम्ही मात्र कासवाच्या पाठीच्या वाटेला जाऊ नका, वन्यजीव कायद्यानं ते गुन्ह्यात मोडेल. 25 सेंमी व्यासाची लाकडी काठवट घ्या.

सागवानी दांडे 2.5 सेंमी जाडीचे. काठवटीच्या तळाला बोल्टनं पक्के करून वरच्या कडेतल्या खाचांमधून 25 सेंमी बाहेर काढा. वर 30 सेंमीची आडवी दांडी, तिला सात खुंट्या. बकऱ्याचं कातडं रात्रभर भिजवून ओलं असतानाच ताणून ठोका आणि सावलीत दोन दिवस वाळवा. उन्हात ठेवलंत तर ते झपाट्यानं आकसतं आणि खिळ्यांपाशी फाटतं. तबल्याची पुडी घालणारा कारागीर हे काम तुमच्यापेक्षा नक्की चांगलं करील, त्याच्याकडेच द्या. घोडी खालच्या कडेपासून 8 सेंमीवर, उंची दीड सेंमी. जास्त उंच केली की कातड्यावरचा दाब वाढतो, ते खचतं आणि आवाज बसतो.

तारांना मासेमारीचा नायलॉन दोरा चालतो : सा, रे 1 मिमी, ग, म 0.8, प, ध 0.6, नी 0.5. सा पेटीच्या खालच्या सप्तकातल्या पांढरी सहाला (सहाव्या पांढऱ्या पट्टीला) लावा. तरीही सातांचा मिळून ताण वीस किलोच्या घरात जातो, म्हणून बांबूचे दांडे नकोत. नेहमी फसतं ते इथं : सातवी तार चढवेपर्यंत दांडी किंचित वाकते आणि पहिली उतरते. ती पुन्हा चढवा, असे तीन-चार फेरे होतील. नायलॉनही सुरुवातीचे काही दिवस लांबत राहतो, तेव्हा तारा प्रयोगाच्या किमान आठवडाभर आधी चढवा.

वाद्य डाव्या अंगाला, मनगटाभोवती पट्टा. उजव्या हातातल्या मोठ्या नखीनं सगळ्या तारांवरून फिरायचं आणि नको असलेले स्वर डाव्या हाताच्या बोटांनी मागून दाबून धरायचे. मुलाला एवढं शिकवलंत तरी रंगमंचावर खरा अपोलो उभा राहील.

प्रश्न : अपोलो म्हणजे ग्रीकांचा सूर्यदेवच ना? (कोथरूड)

उत्तर : आद्य ग्रीक कवी होमरकडे नाही. तिथं सूर्य म्हणजे हेलिओस, आणि अपोलो झ्यूस व लेटोचा मुलगा, आर्टेमिसचा जुळा भाऊ. ‘फीबस’ म्हणजे तेजस्वी हे त्याचं विशेषण खरं, पण दोघांना एकच मानणं इ.स.पू. पाचव्या शतकापासून दिसू लागतं. होमरच्या इलियड या महाकाव्याच्या आरंभी अपोलो रोगाचे बाण सोडतो : आधी खेचरं आणि कुत्री, मग माणसं, नऊ दिवस. आणि बरं करणाराही तोच. त्यामुळे आपल्याकडे जोड शोधायचीच तर सूर्यापेक्षा वेदातला रुद्र जवळचा. बाण मारणारा तो आणि औषधं बाळगणाराही तोच.

प्रश्न : डेल्फीला देवाला प्रश्न विचारण्याची रीत काय होती? आमच्या कोकणातल्या कौलासारखी का? (सिंहगड रस्ता)

उत्तर : बरीचशी. डेल्फी हे ग्रीसमधलं अपोलोचं देवस्थान. कोणी गेलं आणि विचारलं असं नव्हतं. महिन्याची सातवी तिथी अपोलोची, कौल त्या दिवशी. हिवाळ्यात तीन महिने देव तिथं नसतो अशी श्रद्धा, तेव्हा सगळंच बंद. आधी दक्षिणा भरायची, मग बकऱ्यावर गार पाणी शिंपडायचं. तो सर्वांगानं थरथरला तरच पुढं जायचं, नाहीतर माघारी. विचारण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरे. काही नगरांना पहिल्या पाळीचा मान होता. उत्तर पिथिया ही स्त्री तिवईवर बसून देई.

बकऱ्याच्या कसोटीकडे दुर्लक्ष झालं तर काय होतं, ते प्लुटार्क या ग्रीक लेखकानं नोंदवलंय, आणि तो स्वतः तिथला पुजारी होता. परदेशी शिष्टमंडळ थांबलं होतं, बकरा थरथरेना, म्हणून त्याच्यावर पाण्याचा मारा करून कसंबसं थरथरवलं. पिथिया नाखुशीनं आत गेली, आवाज घोगरा झाला, किंचाळत बाहेर धावली आणि थोड्याच दिवसांत वारली.

कोरीव लेखांमधले प्रश्न बहुतेक साधे, ‘असं करणं हिताचं ठरेल का’ या धर्तीचे. कौलाला डावं-उजवं असतं तसंच. गूढ उत्तरं इतिहासकारांकडे जास्त सापडतात. लिडियाचा राजा क्रीसस याला पर्शियावर चालून गेलास तर मोठं साम्राज्य नष्ट होईल असं सांगितलं गेलं. झालं ते त्याचंच. पुढं त्यानं डेल्फीला दोष दिला, तेव्हा उत्तर आलं : कोणाचं साम्राज्य, हे तू पुन्हा विचारायला हवं होतंस.

प्रश्न : मुंबईचं अपोलो बंदर याच देवाच्या नावानं? (कसबा पेठ)

उत्तर : नाही. मूळ नाव पालवा बंदर, इंग्रजांच्या तोंडी त्याचं अपोलो झालं. हा देव भारतात खरोखर आला तो नाण्यांवर. इंडो-ग्रीक राजा पहिला अपोलोडोटस याच्या तांब्याच्या नाण्यांवर एका बाजूला धनुष्यबाणधारी अपोलो, दुसऱ्या बाजूला तिवई आणि खरोष्ठी लिपीतला लेख. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ हा सागरी व्यापारावरचा ग्रीक ग्रंथ सांगतो की या नावाच्या राजाची जुनी नाणी भडोचच्या बाजारात अजून चालतात. त्याच बाजारात पैठण आणि तेरचा माल गाड्यांनी उतरत होता.