पोलिश सीनियर माझे पीआर सारखे परत पाठवतो, टीम बदलू का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा की लंडनला जिओस्पेशियल, म्हणजे नकाशांच्या सॉफ्टवेअरच्या टीममध्ये नवीन लागलायस, वरचा सीनियर पोलंडचा आहे, तीन महिन्यांत एकदाही "छान केलंस" म्हणाला नाही, पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे तपासायला दिलेला कोडमधला बदल) परत पाठवतो, आणि परवा तर "हे आपल्या कोडमध्ये नको, जीडॅलला पाठव" (जीडॅल म्हणजे नकाशाचा डेटा वाचायची-लिहायची खुली लायब्ररी) म्हणाला, मग हा मुद्दाम त्रास देतोय का आणि टीम बदलावी का. मी लंडनमध्येच अशा एका पोलिश माणसाच्या शेजारच्या डेस्कवर पाच वर्षं काढलीत, त्यामुळे माझं सरळ उत्तर, नको बदलूस, निदान एवढ्यात तरी नाही.

आधी बोलण्याचं सांगते. पहिल्या आठवड्यात माझा हा शेजारी आईशी फोनवर बोलत होता आणि मिनिटभर नुसतं "नो, नो, नो" चाललेलं, मला वाटलं घरी काहीतरी जोरदार भांडण झालंय. नंतर कळलं की पोलिश बोलीत "नो" म्हणजे आपलं "हं, हो, बरं". म्हणजे तो आईच्या प्रत्येक वाक्याला हो म्हणत होता! दुसरं, त्यांच्याकडेही आपल्यासारखं अहो-जाहो आहे, अनोळखी माणसाला "पान" किंवा "पानी" लावूनच बोलायचं, मान द्यायचा तो तिथे देतात. पण कोडबद्दल बोलताना तो मान शब्दांत गुंडाळत नाहीत. "हे चूक आहे" म्हणजे हे चूक आहे, एवढंच, तू चूक आहेस असं नाही. मला हे कळायला सहा महिने लागले आणि त्या सहा महिन्यांत मी रोज घरी जाताना ट्यूबमध्ये रडवेली व्हायचे, म्हणून तुला आत्ताच सांगतेय.

आता माझा शेजारी इतका बारीक का बघतो, ते एका प्रसंगावरून सांगते. २०१९ मध्ये प्रोज ६ (प्रोज म्हणजे एका प्रणालीतले आकडे दुसरीत बदलून देणारी लायब्ररी) आणि मागोमाग जीडॅल ३ आलं आणि त्यात अक्षांश-रेखांशाचा क्रम बदलला, म्हणजे ईपीएसजीच्या (जगभरच्या नकाशा-प्रणालींच्या क्रमांकवार यादीच्या) व्याख्येत जो क्रम लिहिलाय तोच पाळायचा असं ठरलं. तोपर्यंत सगळ्यांनी सवयीने रेखांश आधी दिलेला. आम्ही अपग्रेड केलं आणि पुण्याचे पॉइंट थेट नॉर्वेच्या वर, बेअर आयलंडच्या दक्षिणेच्या समुद्रात जाऊन पडले, कारण १८.५ आणि ७३.८ ची अदलाबदल केली की तेच होतं. अशी चूक कोणालाही दिसते, आम्ही दुपारपर्यंत ती दुरुस्त केली, टेस्ट सगळ्या हिरव्या, मी पीआर टाकला. त्याने परत पाठवला. कमेंट एका ओळीची, "वॉर्सा बघ."

पोलंडची राष्ट्रीय प्रणाली आहे ईपीएसजी २१८०, मीटरमध्ये. आणि तिथले सर्व्हेयर एक्स म्हणतात उत्तरेला, वाय म्हणतात पूर्वेला, शाळेतल्या आलेखाच्या बरोबर उलट. वॉर्साचा उत्तरेचा आकडा साधारण ४ लाख ८७ हजार, पूर्वेचा ६ लाख ३७ हजार. आता हे दोन उलटे टाकले तर काय होतं? पॉइंट २०० किलोमीटरवर वायव्येला, ग्रुज्योंत्स नावाच्या गावाच्या जरा वर जातो, पण राहतो पोलंडमध्येच! आमची टेस्ट काय बघत होती तर पॉइंट पोलंडच्या चौकटीत आहे ना, आहे, मग झालं पास. पुण्याची चूक समुद्रात पडली म्हणून सापडली, वॉर्साची चूक जमिनीवर पडली म्हणून लपली. ती तशीच गेली असती तर क्लायंटच्या गाड्या कुठल्यातरी शेतात डिलिव्हरी शोधत फिरल्या असत्या आणि कारण शोधायला आम्हाला महिना लागला असता. तेव्हापासून मी प्रत्येक टेस्टमध्ये एक ओळखीची जागा घालते, अमुक चौक, अमुक पूल, आणि पॉइंट नेमका तिथेच पडला पाहिजे.

पण ह्या आकड्यांशी त्याचं एवढं जिव्हाळ्याचं नातं कशामुळे हे मला नंतर कळलं, एकदा उशिरापर्यंत बसलो होतो तेव्हा. त्याचे वडील सर्व्हेयर. कम्युनिस्ट काळात तिथे "१९६५ ची प्रणाली" म्हणून होती, देश पाच झोनमध्ये कापलेला, प्रत्येक झोनचं प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट कागदावर आणायचं सूत्र) वेगळं, झोनच्या सीमेवर नकाशे एकमेकांना जुळायचे नाहीत, आणि त्याचे पॅरामीटर गुप्त. दुकानात मिळणारे पर्यटनाचे नकाशे तर मुद्दाम वाकडे करून छापलेले. वडिलांनी आयुष्यभर जमीन मोजली पण ज्या सूत्राने मोजतोय ते सूत्र चारचौघांत सांगायची सोय नव्हती. आज त्या पाचही झोनचे पॅरामीटर प्रोजमध्ये आहेत, उघडे, पोराटोरांनी वाचावेत असे. हे त्याने मला स्क्रीनवर दाखवलं तेव्हा त्याचा आवाज बदलला होता. २०२० च्या जुलैअखेर पोलंडने सरकारी ऑर्थोफोटो (नकाशासारखे सरळ केलेले हवाई फोटो) आणि लायडार (लेसरने मोजलेल्या उंचीचा) डेटा फुकट खुला केला, त्या आठवड्यात त्याने पहिल्यांदा काय उतरवलं असेल तर वडिलांच्या गावाचा तुकडा.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. २००५ च्या धोरणाने आपल्याकडेही लष्कराची डिफेन्स सिरीज आणि सगळ्यांसाठी ओपन सिरीज असे वेगळे नकाशे केले, आणि खाजगी माणसाने नकाशा बनवायला परवानग्या लागायच्या, त्या फेब्रुवारी २०२१ मध्ये गेल्या. आणि तू आत्ता ज्या शहरात बसलायस तिथेच २००४ मध्ये स्टीव्ह कोस्टने ओपनस्ट्रीटमॅप सुरू केलं कारण ब्रिटिश सरकारचा नकाशा पैसे मोजल्याशिवाय वापरता येत नव्हता. त्याच वर्षी मे महिन्यात पोलंड युरोपियन युनियनमध्ये आला आणि ब्रिटनने त्यांना लगेच कामाची दारं उघडली, आमचा हा माणूस त्याच लाटेत आला.

तुझ्या सीनियरच्या "जीडॅलला पाठव" ह्याचा अर्थ मग असा घे. जीडॅल फ्रँक वॉरमरडॅमने १९९८ मध्ये सुरू केलं, आता बरीच वर्षं एव्हन रुओ मुख्यतः सांभाळतो, आणि क्यूजीआयएस, पोस्टजीआयएस ही नकाशांची खुली सॉफ्टवेअरं, शिवाय विकत मिळणारी मोठी सॉफ्टवेअरं पण ते वापरतात. २०२१ पासून मोठ्या कंपन्या मिळून देखभालीला पैसे देतात, त्याआधी फार थोड्या लोकांच्या खांद्यावर होतं सगळं. तू तुझी दुरुस्ती कंपनीच्या कॉपीत ठेवलीस तर दर अपग्रेडला ती पुन्हा चिकटवत बसावी लागेल, तू नोकरी सोडलीस की ती कोणालाच कळणार नाही. वर, म्हणजे मूळ जीडॅलला पाठवलीस तर ती तुझ्या नावाने राहते आणि पुढची कंपनी ती वाचू शकते. माझ्या दोन्ही पुढच्या इंटरव्ह्यूंमध्ये रेझ्युमेपेक्षा मी अशा वर पाठवलेल्या पुल रिक्वेस्टवरच बोलणं झालं. तेव्हा "वर पाठव" ही त्याच्याकडची शाबासकीच आहे, तो टाकाऊ कोड वर पाठवायला सांगणार नाही, त्याचंही नाव तिथे आहे ना.

काय पाठवायचं सुचत नसेल तर मराठी डेटा घेऊन बस. शेपफाइल हा नकाशाच्या डेटाचा जुना फाइल प्रकार, तिच्या डीबीएफमध्ये, म्हणजे तक्त्याच्या फाइलमध्ये, कॉलमच्या नावाला १० बाइट मिळतात, यूटीएफ-८ ह्या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे "तालुका" मधलं "ताल" एवढंच मावतं. पोलिश लोक ह्याच दुखण्यातून गेलेत, त्यांच्या वुच (Łódź) शहराच्या चार अक्षरांतली तीन अक्षरं साध्या इंग्रजी कीबोर्डवर नाहीत, एन्कोडिंग चुकलं की त्या नावाचं वाटोळं, त्यामुळे तुझी तक्रार त्याला अर्ध्या वाक्यात समजेल. जिओपॅकेज ह्या नव्या फाइल प्रकारात हा त्रास नाही, पण आपल्या सरकारी फाइली अजून बऱ्याचदा शेपमध्येच येतात. एक छोटी फाइल बनव, चार ओळींत दाखव काय दिलं, काय मिळालं, काय मिळायला हवं होतं. गोष्ट सांगू नकोस, माफी मागू नकोस, "सर" लावू नकोस.

मात्र तो कोडऐवजी तुझ्यावर, तुझ्या इंग्रजीवर किंवा देशावर बोलत असेल तर वरचं सगळं विसर, तारखेनिशी लिहून ठेव आणि मॅनेजरकडे जा. तू मला कळवलेल्या त्याच्या कमेंटमध्ये मला तरी तसं काही दिसलं नाही. सोमवारी त्याला एवढंच विचार की ह्या पॅचची टेस्ट कुठल्या जागेवर घेऊ, आणि तो सांगेल ती जागा आधी नकाशावर उघडून बघ.