'एकदिश' वाहिनीतून वीज दोन्ही बाजूंना कशी जाते?

प्रश्न असा आहे: टास्मानिया बेटाला ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीशी जोडणाऱ्या 'बासलिंक'बद्दलच्या एका मराठी लेखात तिला 'उच्चदाब एकदिश वाहिनी' म्हटलं होतं. पुढे त्याच लेखात तिच्यातून वीज दोन्ही बाजूंना जाते असंही लिहिलं होतं. मग 'एकदिश' हा शब्द चुकला का?

शब्द बरोबर आहे, पण तो भलत्या नामाला चिकटवलाय. 'एकदिश' हा बहुव्रीही: एकच दिशा आहे ज्याची, तो. 'तो' म्हणजे प्रवाह (इंग्रजीत 'डीसी'). वाहिनीला हे विशेषण लावलं की वाचकाला एकेरी रस्ता दिसतो, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो.

गंमत म्हणजे बासलिंकच्या बाबतीत हा शब्द अगदी अक्षरशः खरा आहे. २००६ साली सुरू झालेली ही जोडणी ४०० किलोव्होल्टची, समुद्रातली लांबी सुमारे २९० किलोमीटर. दोन्ही टोकांच्या रूपांतरण केंद्रांत, म्हणजे जिथे प्रत्यावर्ती प्रवाहाचा (घरात येणाऱ्या, दिशा सतत बदलणाऱ्या 'एसी'चा) एकदिश आणि एकदिशचा प्रत्यावर्ती होतो तिथे, थायरिस्टर नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच आहेत आणि थायरिस्टर प्रवाहाला एकाच बाजूने जाऊ देतो. टास्मानिया धरणांची वीज पाठवत असो किंवा मुख्य भूमीवरच्या व्हिक्टोरिया राज्याकडून घेत असो, केबलमधला प्रवाह त्याच दिशेने वाहतो. उलटते ती ध्रुवता, म्हणजे विद्युतदाबाचं धन-ऋण. शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह. दोहोंपैकी एकाचं चिन्ह बदललं की वीज उलट्या बाजूला जाऊ लागते. ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या नव्या धाटणीच्या केंद्रांत मात्र ध्रुवता कायम ठेवून प्रवाहच उलटवतात. तिथे 'एकदिश'चा अर्थ एवढाच घ्यायचा की हा प्रवाह प्रत्यावर्ती प्रवाहासारखा सेकंदाला ५० आवर्तनं करत नाही.

म्हणून काही जण 'एकदिश' गाळून नुसतं 'उच्चदाब केबल' लिहितात. ते मला मुळीच पटत नाही, कारण सगळी मेख त्याच शब्दात आहे. केबलमधली तार, तिच्याभोवतीचं विद्युतरोधक आणि बाहेरचं धातूचं आवरण मिळून एक लांबलचक धारित्र (विद्युतभार साठवणारा 'कपॅसिटर') बनतं. प्रत्यावर्ती प्रवाहाला ते प्रत्येक आवर्तनात भरावं आणि रितं करावं लागतं. लांबी वाढत गेली की केबलची क्षमता त्यातच संपते आणि पलीकडे पोचवायला काही उरत नाही. एकदिश प्रवाहाला ते एकदा भरलं की पुरे. स्वीडनने १९५४ मध्ये गॉटलंड बेटाला सुमारे १०० किलोमीटरच्या केबलने २० मेगावॅट वीज दिली, ती याच कारणाने एकदिश प्रवाहाने.

पाठ्यपुस्तकांत 'एकदिश'ऐवजी 'दिष्ट' आहे. त्यात 'एक' नसल्याने हा घोळ होत नाही, पण सामान्य वाचकाला तो शब्द काहीच सांगत नाही. मी 'एकदिश प्रवाहाची केबल' असंच लिहीन, आणि दोन्ही बाजूंच्या देवाणघेवाणीसाठी 'दुतर्फा जोडणी'.

'दाब'बद्दल एवढंच: विषय समुद्रतळाचा असला की तो पाण्याचाही वाटू शकतो. पहिल्यांदा 'विद्युतदाब' असं पूर्ण लिहावं, पुढे 'दाब' पुरतो.