ट्रायने तक्रार कंपनीकडेच पाठवली, आता दाद कुठे मागायची?

ताई, तुमचा मेल मिळाला. बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. ताई कराडला राहतात, एकट्याच घरातून लोकांची जीएसटी रिटर्न भरायची, हिशेब लिहायची कामं करतात, त्यावरच घर चालतं. एका मोठ्या कंपनीचा फायबरचा वर्षाचा प्लॅन त्यांनी लोकल केबलवाल्याकडून पैसे आगाऊ भरून घेतला आणि पावसाळ्यापासून नेट सारखं बंद पडतंय. तक्रार केली की नंबर येतो, आणि घरी कोणी फिरकतही नाही तोच ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे’ असा मेसेज येतो. शेवटी कंटाळून ट्रायला, म्हणजे फोन-इंटरनेट कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामक संस्थेला, मेल केला तर ट्रायने तो त्याच कंपनीकडे पाठवला. ताईंचं म्हणणं असं की लायसन्स फी सरकार घेतं, बीएसएनएल सरकारची, ट्रायचा अध्यक्ष नेमणारंही सरकारच, मग हे लोक माझ्या बाजूने कधी उभे राहणार, ट्रायलाच कोर्टात खेचू का?

खेचू नका ताई, त्यात तुमचा वेळ आणि पैसा दोन्ही जाईल. १९९७ च्या ट्राय कायद्यात एकेकट्या ग्राहकाची तक्रार ऐकून निकाल द्यायचा अधिकार ट्रायला दिलेलाच नाही. २००० साली कायदा बदलला, तंटे सोडवायचं काम ट्रायकडून काढून टीडीसॅट नावाच्या वेगळ्या न्यायाधिकरणाकडे दिलं, पण तिथेही कंपनी विरुद्ध सरकार, कंपनी विरुद्ध कंपनी, किंवा ग्राहकांचा गट विरुद्ध कंपनी असे वाद चालतात, एकट्या ग्राहकाने ग्राहक मंचात जावं असं कायद्यातच लिहिलंय. म्हणजे ट्रायने मेल पुढे पाठवला तो कंपनीला सामील होऊन नाही, त्यांच्या हातात तेवढंच आहे.

पण तुमची शंका खोटी आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. लायसन्स देणं-काढणं दूरसंचार खात्याच्या हातात, ट्राय त्यावर फक्त शिफारस करते आणि ती खात्यावर बंधनकारक नसते. उलट ट्राय कायद्याच्या कलम २५ खाली सरकारने धोरणाबाबत दिलेले आदेश ट्रायवर बंधनकारक. बीएसएनएल पूर्ण सरकारी आहेच, २०२५ पासून व्होडाफोन आयडियातही सरकारचा हिस्सा ४९ टक्क्यांच्या आसपास गेलाय. २०१४ मध्ये तर ट्रायच्या माजी अध्यक्षांना पंतप्रधान कार्यालयात घेता यावं म्हणून अध्यादेश काढून कायदाच बदलला, आधी अशा व्यक्तीला परत सरकारी नोकरी घ्यायला बंदी होती. ती बंदी राहायला हवी होती असं माझं स्पष्ट मत आहे, कारण पुढच्या पदाची आशा असलेला माणूस सरकारला नाही म्हणताना दहादा विचार करणार.

आणि तरीही याच ट्रायने फेब्रुवारी २०१६ मध्ये वेबसाइटप्रमाणे डेटाचे वेगवेगळे दर लावायला बंदी घातली, मोजक्याच वेबसाइट फुकट दाखवणाऱ्या फेसबुकच्या फ्री बेसिक्स योजनेला त्यामुळे इथून गाशा गुंडाळावा लागला. कॉल ड्रॉप झाला तर ग्राहकाला एक रुपया भरपाई हा नियमही ट्रायचाच होता, तो मे २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपन्यांच्या अर्जावर रद्द केला. त्यामुळे ट्राय विकली गेलीय असं मला वाटत नाही. खरी अडचण अशी की ट्राय सर्व्हिस बघते ती सगळ्या ग्राहकांची मिळून, सरासरी आणि टक्केवारीत, बहुतेक ग्राहकांचा फॉल्ट वेळेत दुरुस्त झाल्याचं दिसलं की कंपनी पास, त्यात कराडच्या एका घरात नेट बंद होतं हे कुठे दिसणार? शिवाय तुमच्यासारखी न येताच बंद केलेली तक्रार ‘दुरुस्त’ म्हणूनच कंपनीच्या नोंदीत जाते, याची मला फार चीड आहे.

तेव्हा तुमचा रस्ता म्हणजे साताऱ्याचा जिल्हा ग्राहक आयोग, म्हणजेच पूर्वीचा ग्राहक मंच. पूर्वी कंपन्या टेलिग्राफ कायदा दाखवून ग्राहक मंचातून केस बाहेर काढायच्या, २००९ च्या एका निकालाचा त्यांना आधार होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजय कुमार अगरवाल या केसमध्ये ते दार बंद केलं, ग्राहक आयोगाला अधिकार आहे असं स्वच्छ सांगितलं. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्याच्या कलम ३० मध्येही ग्राहक कायद्याखालचा तुमचा हक्क शाबूत ठेवलाय.

कंपनीचा वकील एक मुद्दा नक्की काढणार, की बाई धंद्यासाठी नेट वापरतात म्हणजे त्या ग्राहकच नाहीत. घाबरू नका. फक्त पोट भरण्यासाठी स्वतः काम करणारा माणूस ग्राहकच असतो असं कायद्यात आहे, म्हणून अर्जात पहिल्याच पानावर लिहा की मी एकटी काम करते, पगारी माणूस नाही, हेच उत्पन्न.

आयोगात जाण्याआधी कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे अपील करून टाका, त्याला पैसे लागत नाहीत आणि ३९ दिवसांत निकाल द्यायचं बंधन आहे. अपिलासोबत सगळे तक्रार नंबर आणि ते बंद केल्याचे मेसेज तारखेसकट जोडा, ‘त्या दिवशी कोणीही आलं नाही, नेट बंदच होतं’ हे प्रत्येकासमोर लिहा, केबलवाल्याशी झालेलं व्हॉट्सअॅपवरचं बोलणं डिलीट करू नका, राउटरवरचा लाल दिवा दिसतोय असे फोटो असतील तर तेही. स्पीडची तक्रार असेल तर टेस्ट लॅपटॉपला केबल लावून करा, वायफायवर केली की ते भिंतीला दोष देतात. आणि पावती नीट बघा, बऱ्याचदा त्यावर केबलवाल्याचंच नाव असतं, म्हणून कंपनी आणि केबलवाला दोघांनाही केसमध्ये पार्टी करा, नाहीतर ते एकमेकांकडे बोट दाखवत बसतील.

तुम्ही साताऱ्याच्याच आयोगात केस करू शकता, कंपनीचं ऑफिस मुंबईत असलं तरी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असंही नाही, मुदत दोन वर्षांची. मागताना बंद दिवसांचे पैसे, त्रासाची भरपाई आणि खर्च मागा. बुडालेल्या कामाचे पैसेही मागता येतात, पण त्याला कागद लागतो, एखाद्या क्लायंटला उशिरा रिटर्नचा दंड बसून त्याने तो तुमच्याकडून वसूल केला असेल तर त्याची पावती, नुसत्या अंदाजाने लिहिलेला मोठा आकडा आयोग मान्य करत नाही.

कनेक्शन रागाने आजच तोडू नका. आधी कंपनीच्या अॅपमधून तक्रारींची सगळी यादी उतरवून घ्या, कनेक्शन बंद झालं की ते लॉगिन चालेलच असं नाही.