तुमचा प्रश्न असा: व्हीएमवेअर, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन (आभासी कॉम्प्युटर) चालवायचं सॉफ्टवेअर, परवडेना. दोन सर्व्हर, पाच व्हर्च्युअल मशीन आणि आयटीला मी एकटा. ओपनस्टॅक घ्यावं की प्रॉक्समॉक्स? फुकटच्या सॉफ्टवेअरवर धंदा ठेवावा का?

ओपनस्टॅक नको. नासा आणि रॅकस्पेस या होस्टिंग कंपनीनं २०१० मध्ये सुरू केलेलं ते मोठ्या क्लाउडचं काम, सर्नसारख्या बड्या संशोधन संस्था वापरतात. नोव्हा, न्यूट्रॉन, कीस्टोन, सिंडर हे त्याचे सगळे भाग सांभाळायला माणसं लागतात आणि तुम्ही एकटे, त्यात प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी हाक तुम्हालाच. गिऱ्हाइकांना व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) भाड्यानं द्यायच्या असत्या तर क्लाउडस्टॅक किंवा ओपननेब्युला बघा म्हटलं असतं. तुम्ही प्रॉक्समॉक्स टाका, व्हीएमवेअरचंच काम ते फुकटात करतं.

पण मी लिहायला बसलो ते तुमच्या शेवटच्या वाक्यामुळं. हेच वाक्य सांगलीत एका डीलरनं मालकांसमोर मला ऐकवलं होतं.

गणपती पेठेतल्या एका हळदीच्या पेढीचं कॉम्प्युटरचं काम माझ्याकडं आहे. टॅली विंडोज सर्व्हरच्या एका व्हीएममध्ये, आवक-जावकेचं जुनं सॉफ्टवेअर दुसऱ्या, खाली प्रॉक्समॉक्स. हा डीलर लायसनवाल्या सॉफ्टवेअरचं कोटेशन घेऊन आला होता. मी ब्राउझरमध्ये लॉगिन केलं आणि नेहमीप्रमाणं ‘नो व्हॅलिड सबस्क्रिप्शन’ची चौकट आली. गड्यानं तिथंच बोट ठेवलं. “बघा मालक, व्हॅलिड नाही म्हणतंय. चोरीचं आहे.” मालक माझ्याकडं बघायला लागले. सॉफ्टवेअर एजीपीएल या मुक्त लायसनचं, पूर्ण आणि कायदेशीर. पैसे भरले नाहीत म्हणून व्हिएन्नाच्या कंपनीचा सपोर्ट आणि एंटरप्राइज रिपॉझिटरी (जास्त तपासलेल्या अपडेटचं भांडार) मिळत नाही, एवढाच त्या चौकटीचा अर्थ. मी सांगितलं, मालक नुसतं “हं” म्हणाले. डीलर जाता जाता म्हणाला, “बंद पडल्यावर फोन कुणाला लावणार?”

त्याच साली, ऑगस्ट २०१९ ला, आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ४५ फुटांची धोका पातळी ओलांडली. पेठेतले जुने लोक सांगत होते, २००५ ला पाणी आलं त्याच्यावर काही येत नाही. मी नाही ऐकलं. दोन्ही व्हीएम बंद केल्या आणि व्हीझेडडंप या प्रॉक्समॉक्सच्याच कमांडनं यूएसबी डिस्कवर बॅकअप लावला. स्क्रीनवर टक्के मुंगीच्या पावलानं सरकत होते आणि दिवाणजी सारखे बाहेर जाऊन रस्त्यावरचं पाणी बघून येत होते. बॅकअप झाल्यावर सर्व्हर माडीवर चढवला, डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून शर्टाच्या आत घातली आणि विश्रामबागेत घरी आलो. पाणी २००५ च्या वर गेलंच.

घरी शिकण्यासाठी म्हणून एका जुन्या असेंबल डेस्कटॉपवर प्रॉक्समॉक्स टाकलेलं होतं. त्यावर क्यूएमरिस्टोर चालवून बॅकअपमधून व्हीएम परत उभ्या केल्या. मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा नंबर) तोच, व्हीएमला दिसणारा सीपीयू तोच, केव्हीएम६४ नावाचा. आपण गणपती पेठ सोडून विश्रामबागेत आलोय याचा आतल्या विंडोजला पत्ता नाही. लाइट येत-जात होती, इन्व्हर्टरवर भागवलं. पेठेत पाणी असताना दिवाणजी माझ्या हॉलमध्ये बसून पार्ट्यांना खातेउतारे पाठवत होते, वर चहात साखर कमी आहे म्हणून सांगत होते.

पूर ओसरल्यावर त्याच डीलरच्या एका गिऱ्हाइकाकडं मला बोलावणं आलं. बॅकअप होता, पण नव्या मशीनवर बॅकअपच्या सॉफ्टवेअरचं लायसन पुन्हा ॲक्टिव्हेट झाल्याशिवाय रिस्टोर होईना. फोन लावायला नंबर होता. तो लागत नव्हता.

आणि भरवशाचंच बोलायचं तर प्रॉक्समॉक्सच्या खाली व्हीएम चालवणारं केव्हीएम आहे, जे २००७ पासून लिनक्स कर्नलमध्येच आहे. गूगल क्लाउड त्यावरच चालतं, ॲमेझॉनच्या क्लाउडचं नायट्रोसुद्धा त्यावरच बेतलेलं. उलट ब्रॉडकॉम कंपनीनं नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतलं आणि कायमची लायसन विकणंच बंद केलं. पैसे मोजून घेतलेल्यांना कुणी विचारलं होतं का? तुम्ही त्यातलेच.

आता डीलरच्या बाजूनंही थोडं. पुरात त्या गिऱ्हाइकाचं जे अडलं ते बॅकअपच्या सॉफ्टवेअरमुळं, व्हर्च्युअलायझेशनचा त्यात दोष नव्हता. मी रागात दोन्ही एकत्र करतो. सपोर्ट लागतोच, विशेषतः एकटा माणूस असेल तर. त्या पेढीला मी पुढं सबस्क्रिप्शन घ्यायला लावलं. सर्व्हरवरच्या प्रत्येक सीपीयू सॉकेटमागं वर्षाचे पैसे असतात. सगळ्यात खालचा प्लॅन आवाक्यातला आहे, पण त्यात एंटरप्राइज रिपॉझिटरीच मिळते, कंपनीचा सपोर्ट हवा तर वरचा घ्यावा लागतो. चौकटही गेली. मालकांना अजून वाटतं की आता कुठं ते ‘व्हॅलिड’ झालं.

विंडोज सर्व्हरचं लायसन वेगळं, ते प्रॉक्समॉक्समुळं फुकट होत नाही. हलवण्याआधी विंडोजमध्ये व्हर्टआयओ ड्रायव्हर टाका, नाहीतर विंडोजला केव्हीएमची व्हर्टआयओ डिस्क सापडणार नाही आणि निळा स्क्रीन बघत बसाल. दोनच सर्व्हरचा क्लस्टर (एकत्र जोडलेला गट) करणार असाल तर तिसऱ्या मतासाठी क्यूडिव्हाइस, म्हणजे नुसतं मत देणारं तिसरं मशीन, ठेवा. नाहीतर एक सर्व्हर बंद पडला की दुसऱ्याला कोरम, म्हणजे मतांचं बहुमत, मिळत नाही आणि व्हीएम सुरू होत नाही. बॅकअप महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर रिस्टोर करून बघा. आणि हे सगळं मार्चएंडच्या तोंडावर करू नका, एप्रिलमध्ये करा.