डोंगरापलीकडची मुलूखगिरी

प्रश्न : ७३२ साली फ्रान्समधल्या तूरच्या लढाईत अरब हरले नसते, तर सगळा युरोप त्यांचा झाला असता, असं मुलाच्या वहीत वाचलं. स्पेन-फ्रान्समधले पिरेनीज डोंगर ओलांडून गेलेला तो सुभेदार खरंच युरोप जिंकायला निघाला होता का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुम्ही सातारचे, म्हणून ओळखीचाच शब्द वापरतो : मुलूखगिरी. दसरा झाला, नद्या उतरल्या की आपल्या फौजा निघत. स्पेनमधल्या अरबांचा मोसम उन्हाळ्याचा. बर्फ वितळून खिंडी मोकळ्या झाल्या की घोडे बाहेर. अशा स्वारीला अरबीत ‘साइफा’ म्हणत, म्हणजे उन्हाळी स्वारी.

सुभेदार अब्द अल-रहमान अल-गाफिकीला पलीकडचा मुलूख नवा नव्हता. ७२१ साली तुलूझपुढे अक्विटेनच्या, म्हणजे नैर्ऋत्य फ्रान्सच्या, ड्यूक ओडोनं तेव्हाच्या सुभेदाराला मारलं, त्या वेळी उरलेली फौज गाफिकीनंच मागे आणली होती. दक्षिण फ्रान्समधलं नार्बोन शहर तर अरबांकडे ७५९ पर्यंत राहिलं. तेव्हा नुसती लूटच होती, असंही मी म्हणणार नाही.

पण मला लढाईपेक्षा तिच्या आधीची हकिगत जास्त छळते. सीमेवरच्या डोंगरात मुनूझा नावाचा बर्बर, म्हणजे मूळ उत्तर आफ्रिकेतला, सरदार होता. आफ्रिकेत अरब अंमलदार आपल्या भाईबंदांना नाडतात, हे कानावर येताच त्यानं ओडोशी तह केला. ओडोनं त्याला मुलगी दिली. सासरा ख्रिस्ती, जावई मुसलमान! गाफिकी आधी या आपल्याच माणसावर चालून गेला. वेढ्यात पाणी तुटलं. जखमी मुनूझानं जिवंत हाती लागण्यापेक्षा कड्यावरून उडी घेतली. त्याचं मुंडकं सुभेदारापुढे आलं आणि ओडोच्या लेकीची रवानगी समुद्रापार खलिफाकडे झाली. ७५४ च्या लॅटिन बखरीत हे सगळं आहे. त्या पोरीचं नाव तेवढं नाही.

मग ७३२ ची स्वारी, पश्चिम पिरेनीजमधल्या बास्क लोकांच्या डोंगरांतून. त्या बाजूनं मी मे महिन्यात पायी गेलो आहे. दहा वाजेपर्यंत धुकं हटत नाही, बीच झाडांच्या कुजक्या पानांवरून पाय सटकतो. तिथून हजारो घोडी उतरवायची म्हणजे काय, ते तिथं उभं राहिल्यावर कळलं. पुढं बोर्दो लुटलं गेलं, ओडोची फौज उधळली. मेले किती ते देवालाच ठाऊक, असं बखरकार म्हणतो. प्वातिएत संत हिलरीचं चर्च जळालं. रोख होता तूरच्या संत मार्टिनच्या श्रीमंत चर्चवर. वाटेत उत्तरेकडच्या फ्रँक लोकांचा पुढारी चार्ल्स मार्टेल आडवा आला आणि गाफिकी पडला. सकाळी फ्रँक पुन्हा लढायला उभे राहिले तर समोर तंबू तसेच, आत माणूस नाही. पाठलाग न करता त्यांनी लूट वाटून घेतली आणि घरची वाट धरली.

यानं अरब थांबले नाहीत. दोन-तीन वर्षांतच ते दक्षिण फ्रान्समधल्या आव्हिन्योंत होते. त्यांचं बळ खरं खचलं ते ७४० पासून, बर्बरांच्या उठावानं. आफ्रिकेतून तो स्पेनमध्ये पसरला, आणि उठलेल्या बर्बरांची तक्रार मुनूझाच्या कानावर आली होती तीच होती.